माईकचं बटण कुणी काढलं

आमचं ॲप पासवर्ड सांभाळतं. एवढं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नक्की करता काय तुम्ही?" आणि माझं डोकं फिरतं. अहो, बँकेचा पासवर्ड वेगळा, लाईट बिलाचा वेगळा, गॅसचा वेगळा, पॉलिसीचा तर विचारूच नका. एवढं सगळं माणसाच्या डोक्यात राहत नाही. म्हणून ते एका ठिकाणी कुलपात ठेवायचं आणि लागेल तेव्हा अंगठा लावून बाहेर काढायचं. घरातली तिजोरीच समजा, फक्त फोनमधली. ती तिजोरी घरातल्या बायामाणसांनाही सहज उघडता यावी, हे बघणं माझं काम. सिडकोत एका कपड्याच्या दुकानावर आमचं छोटंसं ऑफिस आहे, तिथं बसून मी हे करते. चांगलं करते, असं मला वाटायचं. आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही.

त्याचं कारण सांगायचं तर आईपासून सुरुवात करावी लागेल. आमची आई अण्णांचं नाव घेत नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, शेंद्र्याच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. घर करमाडला. आई माहेरची लासूर स्टेशनची, दहावी झालेली. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. नळाला पाणी आलं नाही म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन सरपंचाला घाम फोडून आलेली बाई. भित्री तर मुळीच नाय. पण नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं म्हटलं की खल्लास. 'हे', 'ह्यांनी', 'आमच्या घरचे' यावर तिचा सगळा संसार झाला.

कुणी अगदी समोर उभं राहून विचारलंच तर ती मला पुढं करायची. रेशनच्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात. "सांग गं," म्हणायची आणि माझ्या पाठीवर हात ठेवायची. मग मी फ्रॉकची टोकं धरून अण्णांचं अख्खं नाव, आडनावासकट, असं ठणकावून सांगायचे की रांगेतली माणसं वळून बघायची. मला लई भारी वाटायचं. लग्नात उखाण्यात तरी घेतलं असशील की, असं मी एकदा छेडलं तर म्हणाली, "पुटपुटले नुसतं. वाजंत्रीत कुणाला ऐकू गेलं नाय, सुटले."

तर ॲपमध्ये माईकचं बटण टाकायचं खूळ माझंच. टाइप करताना आईची बोटं अडखळतात, चष्मा नसला तर अक्षरं दिसत नाहीत, हे मी रोज बघत होते. म्हटलं, बटण दाबा आणि बोला, कुणाचं आणि काय पाहिजे ते. घरातल्या प्रत्येकाचं सामान त्याच्या त्याच्या नावाखाली ठेवलेलं असतं, नाव घेतलं की ते समोर येतं. अण्णांनी मोठ्या हौसेनं स्वतःचं सगळं त्यात भरलं, बँक, पेन्शन, मेडिक्लेम, आणि आईच्या फोनवरही दिसेल असं करून ठेवलं. तिला म्हणाले, "मी नसलो तरी तुझं अडायला नको." तिनं त्यांना असं काही बोलू नका म्हणून झापलं, पण फोन मात्र नीट ठेवून दिला.

मग चाचणी आली. कुठलीही नवीन गोष्ट लोकांच्या हातात द्यायच्या आधी आम्ही चार बायका बोलावतो, त्यांना एक काम देतो आणि त्या कुठं अडतात ते बघतो. या कामात एक नियम आहे. समोरचं माणूस कितीही अडलं तरी आपण मदत करायची नाही. त्यानं काही विचारलं तर प्रश्न त्यालाच परत करायचा. मदत केली की ॲपमधली खोट कळत नाही. हा नियम ऑफिसात सगळ्यांना मीच घोकून घोकून शिकवला होता.

त्या वेळी एक बाई ऐनवेळी आल्या नाहीत, म्हणून मी आईला बोलावून घेतलं आणि चाचणीसाठी माईकचं बटण तिच्याच फोनवर टाकलं. ती बसनं आली. ठेवणीतली साडी, हातात धपाट्यांचा डबा, "तुझ्या ऑफिसातल्या पोरांना दे." ऑफिसातली मंडळी शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर बघत होती. मी आईसमोर बसले आणि वाचून दाखवलं, "समजा, तुमच्या यजमानांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांच्या मेडिक्लेमचा नंबर ॲपमधून काढून दाखवा."

"अगं बाई! समजा तरी कशाला?" आई म्हणाली. मग तिनं अंगठा लावला, माईकचं बटण बरोबर शोधलं, दाबलं. मी मनातल्या मनात शाब्बास म्हटलं. ती फोनला म्हणाली, "ह्यांची पॉलिसी."

फोन म्हणाला, काही सापडलं नाही, कृपया व्यक्तीचं नाव सांगा.

"आमच्या घरच्यांची पॉलिसी."

कृपया व्यक्तीचं नाव सांगा.

आईनं माझ्याकडं बघितलं. तिचा मोकळा हात टेबलावर थोडा पुढं आला. तो हात कुठं यायला निघाला होता ते मला माहीत होतं. तिनं हळूच विचारलं, "दुसरं काही म्हणलं तर चालंल का गं?"

आणि मी म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

तुम्हाला! माझ्या सख्ख्या आईला मी 'तुम्ही' म्हणाले, कारण चाचणीत तसंच बोलायचं असतं. ती दचकली. पदर सारखा केला, ताठ बसली, आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. हातात फोन, माईक लुकलुकतोय, आणि आई गप्प. वेळ संपेपर्यंत. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "पास का नापास?" मी हसून आमचं ठरलेलं वाक्य टाकलं, "आई, इथं परीक्षा माणसाची नसते, ॲपची असते." ती म्हणाली, "मग करा त्याला नापास." आणि डबा घेऊन बसस्टॉपकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये व्हिडिओ लावला. 'ह्यांची पॉलिसी' आलं तेव्हा एकजण फिस्सकन हसला, "ह्यांची म्हणजे कुणाची?" आणि मला बघून वहीत बघायला लागला. आमचे वरिष्ठ पुण्याहून आलेले, घरी बायको त्यांना नावानंच हाक मारते. ते म्हणाले, "मोठ्या वयाच्या बायकांना माईक जमत नाही, हे स्पष्ट दिसतंय. बोलतच नाहीत. बिचकतात."

त्या क्षणी मला सगळं माहीत होतं. ती बिचकलेली नाही. आमच्या घरात, आमच्यासारख्या कितीतरी घरांत, बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून ती थांबलीय. उपायही माहीत होता. प्रत्येकाला त्याच्या नावाशिवाय दुसरं एखादं नाव द्यायची सोय करा, 'हे' म्हणा, 'घरचे' म्हणा, तिला हवं ते. एका दुपारचं काम. तिनं तर तो उपाय चाचणीतच विचारला होता, चालंल का म्हणून. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. पण मला लाज वाटली. आजच्या काळात माझी आई असली अडाणी रीत पाळते, हे त्या काचेच्या खोलीत सगळ्यांना समजावून सांगायची लाज. मीही थोडंसं हसले. आणि अहवालात लिहिलं, 'माईकचा वापर होत नाही. काढून टाकावा.' पुढच्या अपडेटमध्ये माईक गेला, त्या जागी पांढरा पडदा आला, वर टाइप करायला मोठा चौकोन. दिसायला काय सुटसुटीत! सगळ्यांनी वाखाणलं. आईला मी काहीच सांगितलं नाही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या काकांनी गाडी काढली, दोघांना घेऊन जालना रोडवरच्या मोठ्या दवाखान्यात आले. आईनं वाटेतून मला फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. मी चाचणीच्या खोलीत दुसऱ्या कुठल्या बाईसमोर बसले होते, फोन नियमाप्रमाणं बंद. बाहेर येऊन बघते तर आईच्या मिस्ड कॉलांची रांग. स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही.

दवाखान्यात शिरले तर गर्दीतून आवाज आला. अण्णांचं नाव. मोठ्यानं, आडनावासकट. मला वाटलं कुणी नर्स पुकारतेय. पुढं गेले तर काउंटरजवळ आई उभी, पायात दोन वेगळ्या चपला, डोळ्याला चष्मा नाही. फोन तोंडाजवळ धरलेला आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं पूर्वी माईक होता तिथं, अंगठा दाबून धरलेला. "..... यांची पॉलिसी," ती म्हणत होती. मग परत. मग अजून मोठ्यानं. आजूबाजूची माणसं बघत होती आणि तिला त्याचं काही नव्हतं. ज्या बाईनं अख्ख्या आयुष्यात ते नाव चारचौघांत उच्चारलं नाही, ती ते पांढऱ्या रिकाम्या पडद्याला सांगत होती.

काउंटरवरचा माणूस मला म्हणाला, "ताई, कधीच्या तेच करतायत. मी म्हणलं काकू, पेशंटला आत घेतलंय, नंबर नंतर द्या. ऐकतच नाहीत." आईचा समज असा झाला होता की नंबर मिळाल्याशिवाय आत त्यांना कुणी हात लावणार नाही. मी तिच्या हातातून फोन घेतला, टाइप केलं, नंबर दिला. झालं. आई भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मी घेतलं गं नाव. त्याला ऐकूच गेलं नाय." मला तिच्याकडं बघवेना. फॉर्मवर सही करायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली.

अण्णा वाचले. हृदयाच्या शिरेत नळी टाकली, घरी आले, पथ्यावरून कुरकुर सुरू झाली. काकांनी काउंटरवरची हकीकत त्यांना सांगितलीच. तेव्हापासून ते आईच्या मागं लागले, "मला एकदा ऐकव की! अख्ख्या दवाखान्यानं ऐकलं, मीच तेवढा राहिलो." आई म्हणायची, "गप पडून ऱ्हावा."

मी ऑफिसात गेले आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. सगळं सांगितलं, आईची रीत, माझं हसणं, तो खोटा अहवाल. वरिष्ठ म्हणाले, "हे तेव्हाच सांगायचं होतंत ना." ते काही चुकीचं बोलले नव्हते. माईक परत आला. आता प्रत्येकाला हवं ते दुसरं नाव देता येतं. खरंच एका दुपारचं काम निघालं. लोकांच्या हातात जायच्या आधी मी ते आईच्या फोनवर टाकायचं ठरवलं आणि रविवारी करमाडला गेले. वाटेत खोटं कशाला बोलू, जरा हलकं वाटत होतं. चूक दुरुस्त केली, आता आईला दाखवू, ती खूश होईल, असं.

घरात शिरले. अण्णा पलंगावर झोपलेले. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता, बारीक, पण एकेक अक्षर सुटं. अण्णांचं नाव. मग आडनाव. मग थोडं थांबून परत पहिल्यापासून. मी दारात उभी राहिले. ती ओट्याला टेकून, बंद फोन तोंडासमोर धरून, शाळेतल्या पोरीनं पाढे म्हणावेत तसं म्हणत होती.

मला बघितलं आणि लाजली. "त्या दिशी घाबरून नीट आलं नसंल माझ्या तोंडून," ती म्हणाली. "सवय नाय ना. म्हणलं आता रोज म्हणून ठेवावं. पुन्हा तसली वेळ आली तर त्याला ऐकू गेलं पाहिजे."

मी तिला सांगितलं. काही न लपवता सांगितलं. तुझा उच्चार व्यवस्थित होता, तिथं ऐकायला माईकच नव्हता. तो मीच काढला. तू चाचणीत का गप्प बसलीस ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि ऑफिसात चार लोकांसमोर तुझी लाज वाटली म्हणून मी बोलले नाही. वर हसले.

आईनं गॅस बारीक केला. फोन पदराला पुसून ओट्यावर ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"रेशनच्या दुकानात तर कसं ठणकावून सांगायचीस," ती म्हणाली. "मग ऑफिसातच काय झालं गं तुला?"