सायलेन्सरमध्ये सापडलेलं ऑईल

“हा ऑईल विकतो का, एवढं आधी सांगा. टर्बो मागनं दुरुस्त करा,” आप्पा म्हणाले.

पिंपळगाव बसवंतला आप्पांचं कोल्ड स्टोरेज होतं. आत द्राक्षं भरलेली, बाहेर उन्हाळा, आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही. लाईट गेली की जनरेटर चालवायचा. तो चालवायला युसूफभाई. ते तिथंच, माझ्या शेजारी उभे होते. ज्याच्यावर आळ घ्यायचा त्याच्यादेखत असं बोलतात का? पण आप्पांना आडपडदा ठाऊक नव्हता.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये टर्बोचार्जरचं काम बघायचो. टर्बोचार्जर म्हणजे एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन चक्रं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो. दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तर ताकद जास्त. हा शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो, तेही ऑईलच्या पातळ थरावर. ऑईल आहे तोवर सगळं आलबेल.

आप्पांच्या जनरेटरच्या इंजिनातलं ऑईल सारखं कमी व्हायचं. युसूफभाई हायवेच्या गॅरेजवाल्यांना डबे विकतात, असं आप्पांनी ठरवूनच टाकलं होतं.

“कसम खाऊन सांगतो साहेब, थेंब नाय नेला घरी,” युसूफभाई म्हणाले. “रोज टाकतो, रोज कमी. मलाच कळना कुठं जातंय.”

मी टर्बोला हवा आणणारा होजपाईप काढला. शाफ्ट बोटात धरून हलवला. तो जेमतेम हलायला हवा, हा चक्क खडखडत होता. मग सायलेन्सरचा पाईप सोडवून आत बोट घातलं. तिथं कोरडी काजळी असते. माझं बोट काळ्या, चिकट ऑईलनं माखून बाहेर आलं.

“आप्पा, इथं बोट घाला. हे तुमचं ऑईल. ऑईल अडवणारं टर्बोचं सील गेलंय, ऑईल धुरातून जळून जातंय. यांनी काही विकलेलं नाही.”

युसूफभाईंनीही पाईपात बोट घातलं आणि ते आप्पांसमोर धरलं. मला कोर्टात केस जिंकल्यासारखं वाटलं.

“मग सील गेलं कशानं?” आप्पांनी विचारलं.

मी भरात होतो. टर्बो खोलला आणि तापून निळा पडलेला शाफ्ट दाखवला. “गरम इंजिन एकदम बंद केलं की ऑईलचा पंप थांबतो. टर्बो मात्र फिरतच असतो. आतलं ऑईल जळून त्याचा कोळसा होतो आणि तोच बेअरिंग, सील खातो. म्हणून लोड काढून तीन-चार मिनिटं इंजिन हळू चालू ठेवायचं, मग बंद करायचं. इथं तसं होत नाही.”

“म्हणजे यानंच जाळला.”

युसूफभाई पुढे झाले. “आप्पा, तुम्हीच सांगितलं ना, लाईट आली की लगेच बंद कर, डिझेल फुकट जाळू नको? मी बोललो होतो, गरम इंजन असं बंद करू नये. तुम्ही वरडले.”

“बंद कर म्हणलो असेल. टर्बो जाळ म्हणलो नाय.”

“हुकूम तुमचाच होता ना, आप्पा?” मी मध्ये पडलो.

“तुम्ही तुमचं काम करा, साहेब. चोर नाय म्हणालात, ते ऐकलं मी. पण असला निष्काळजी माणूस मला नको.”

युसूफभाई आगीतून फुफाट्यात पडले. त्याच दिवशी त्यांचं काम सुटलं. मी निघालो तेव्हा ते गेटापर्यंत आले.

“चोर म्हणून नाय काढलं, साहेब. गावात तोंड दाखवता येईल. लय उपकार झाले तुमचे.”

ते उपकार मला आजही टोचतात.

वर्कशॉपमध्ये आम्ही शाफ्ट, बेअरिंग, सील सगळं नवीन टाकलं, बॅलन्सिंग केलं. टर्बो बसवायला गेलो तेव्हा निफाडकडचा नवा ऑपरेटर आला होता. आप्पांनी माझ्यासमोरच त्याला बजावलं, “नीट ऐक. लाईट आली तरी तीन-चार मिनिटं इंजन हळू चालू ठेवायचं. डिझेल जळलं तर जळू दे.”

तो टर्बो पुढे कित्येक सीझन चालला, एकही कंप्लेंट आली नाही. युसूफभाईंना मात्र कुणी परत बोलावलं नाही.

तेव्हापासून मी कुठलाही टर्बो खोलण्याआधी मालकाला सगळ्यांसमोर एकच विचारतो, “इंजिन कधी बंद करायचं, हे इथं कोण ठरवतं?” त्याचं उत्तर मिळाल्यावरच पाना हातात घेतो.