राहून गेलेली धार

दिघोरीत कुणाकडे मयत झाली की लोक आधी नातेवाइकांना फोन लावत आणि मग तेजराम कापगतेच्या घराकडे वळत. गावाने वर्गणीतून घेतलेली, लाकडं कापायची विजेची मशीन त्याच्या घरापुढच्या छपरीत होती. सरणाची सुकी लाकडं त्याच्याच सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, टिनाखाली रचलेली होती. आणि मशीनला हात लावायची परवानगी तेजरामने स्वतःशिवाय कुणालाही दिली नव्हती. अशी परवानगी देणारा तू कोण, हे विचारायची हिंमत सरपंचालासुद्धा झाली नव्हती.

तसा माणूस खडूसच. चार वाक्यांचं काम एका हुंकारात भागवायचा. पण मशीनची बडदास्त बाळंतिणीसारखी ठेवायचा. काम आटोपलं की आधी बोर्डातून पिन उपटायची आणि वायरीसकट ती खांद्यावर दुपट्ट्यासारखी टाकायची. पिन खांद्यावर आहे म्हणजे मशीन मेलेली आहे, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मग जाड हातमोजे चढवायचे, दातेरी साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या खाचेत अडकलेला भुसा काढायचा, साखळी ढिली तर नाही ना ते बोटाने उचलून बघायचं, आणि गोल कानस घेऊन बसायचं. कुठून सुरुवात केली ते कळावं म्हणून पहिल्या दाताला कुंकवाचा टिपका. एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. कानस पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात द्यायचे. नाहीतर साखळी एकीकडे ओढते. कुंकू अर्थातच बायकोच्या, रेवताबाईच्या, डबीतलं. “मयताच्या मशीनले माह्यं कुकू लावता, लाज वाटते का जराशी?” असं ती दर वेळी बोलायची आणि दर वेळी डबी आणून द्यायची.

गावातली पोरं त्याला मागून पिनवाले काका म्हणत. म्हणोत बापडी. दिघोरीत लाइन कधी जाईल नि कधी येईल याचा नेम नसतो, आणि ती गेली की माणसं एकदम निर्धास्त होतात. मोटरचं झाकण उघडतात, वायरी दातांनी सोलतात. “लाइन नाही गा,” एवढं म्हटलं की सगळ्यांची काळजी मिटते. तेजराम या एका वाक्यावर भडकायचा. “लाइन काय तुह्या घरची नौकर आहे? येताना तुले सांगून येते का?” असं तो भर चौकात ओरडला होता, आणि ऐकणारे हसले होते.

दिवाळीनंतर रेवताबाईच्या पोटात पाणी भरू लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी दोनदा ठेवून घेतलं, तिसऱ्यांदा घरी न्या म्हणाले. सिहोऱ्याला दिलेली एकुलती एक लेक टीना आईपाशी येऊन राहिली. त्याच सुमारास गावात एक म्हातारा गेला. त्याची लाकडं कापताना एका ओंडक्यात जुना खिळा निघाला आणि साखळीचे दात बोथटले. संध्याकाळी तेजराम नेहमीसारखा पिन खांद्यावर टाकून बसला, कानस उचलली, आणि आतून रेवताबाईचं कण्हणं ऐकू आलं. त्याने कानस खाली ठेवली.

इतकी वर्षं धार लावताना आपण कुणाची तरी तयारी करतोय असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. पुढचं माणूस कोण, हे कुणाला ठाऊक असतं? त्या संध्याकाळी मात्र त्याला ठाऊक होतं. आपण धार लावली नाही म्हणून ती थांबेल, इतका भोळा तो नव्हता. पण बायको आत जिवंत असताना बाहेर बसून तिच्या सरणासाठी धार लावणं त्याच्याने होईना. मशीन तशीच बोथट कोपऱ्यात राहिली, आणि तिच्यावर त्याने पोतं टाकलं.

रेवताबाई बाजेवर पडून होती तरी कान शाबूत होते.

“कानशीचा आवाज नाही आला या खेपेले,” एक दिवस ती म्हणाली.

“राहू दे.”

“काहून? खिळा लागला म्हनत होते ना?”

“लावीन ना. घाई कायची आहे?”

“मले नाही घाई. पन लोकाईले तरास होईल. बोथी मशीन जोर लावून चालवतीन अन् कोनाच्या अंगावर येईल.”

“तू चूप राय. चाय पेतं का?”

“लय भेकड आहा तुमी,” ती म्हणाली आणि हसली. चहा मात्र दोन चमचेच प्यायली. तेजरामला उठून गोठ्यात जावं लागलं, कारण लेकीसमोर त्याला रडायचं नव्हतं.

माघातल्या एका सकाळी टीना आईचे केस विंचरत असताना रेवताबाई गेली.

गावची रीत अशी, की ज्याच्या घरी मयत त्याने सरणाच्या लाकडाला आणि हत्याराला शिवायचं नाही. शेजारपाजाऱ्यांनी करायचं, घरच्याने बसायचं. तेजराम छपरीत रेवताबाईच्या उशाशी बसला. शेजारचा लिलाधर आला आणि त्याच्यामागे लाखांदूरला जळालेल्या विजेच्या मोटरी नव्या तारेने भरून देणाऱ्या दुकानात काम करणारा वीरेंद्र. काही न विचारता त्यांनी पोतं बाजूला केलं, तेजरामच्या समोरच्या भिंतीवरच्या बोर्डात पिन खोचली आणि मशीन घेऊन सांदवाडीत गेले. वायर तेजरामच्या पायाजवळून बाहेर गेली होती.

मशीन सुरू झाली आणि त्याला बसल्याजागी सगळं कळलं. ती लाकडात शिरत नव्हती, नुसती घासत होती. जळका वास आला. ढलप्या पडत नसणार, पीठ पडत असणार, आणि दोघं वरून अंगाचा भार देत असणार. हे सगळं आपल्यामुळे, असं त्याला वाटलं, आणि त्याची मान खाली गेली. बराच वेळ ते तसंच चाललं. मग मशीन एकाएकी थांबली. पलीकडची पिठाची चक्कीही थांबली.

“धारच नाही गा याले,” लिलाधरचा आवाज आला.

“लाइन गेली ना, तवर मी लावून घेतो,” वीरेंद्र म्हणाला. पाठोपाठ कानशीचा आवाज येऊ लागला, पुढे, मागे, पुढे, मागे.

तेजरामने समोर पाहिलं. पिन बोर्डात होती. बटण चालू होतं.

आता पिन काढायला कुणीतरी येईल म्हणून तो क्षणभर थांबला. कुणी आलं नाही. रेवताबाईच्या कपाळावरून त्याने हात उचलला, उठला, आणि पिन उपटली. ती हातात घेऊन सांदवाडीत पोचतो न पोचतो तोच चक्की घरघरू लागली.

वीरेंद्रची डाव्या हाताची बोटं साखळीवर होती. ओंडका कापता कापता बोट दुखतं म्हणून मशीनचं दाबून धरायचं बटण त्याने सुतळीने आवळून बांधून ठेवलं होतं. चक्कीचा आवाज ऐकून त्याने आधी सुतळीकडे पाहिलं, मग तेजरामच्या हातातल्या पिनेकडे. त्याने बोटं झटकन मागे घेतली.

एरवी तेजरामने त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. आज त्याने फक्त सुतळी सोडली.

“सरक,” तो म्हणाला.

“तेजरामदादा, तुमी नोको,” लिलाधर पुढे झाला. “घरच्यानं हात लावत नाही.”

“मंग कोन लावंन?”

तेजराम मांडी घालून बसला. त्याने कोपर गुडघ्यावर टेकवलं. एकेक दात त्याने निगुतीने घासला, एकही सोडला नाही. मन कुठेही असो, त्या हातांना वाईट काम येतच नव्हतं. शेवटी साखळी ताणून बघितली, तेल घातलं, आणि पिन लिलाधरच्या हाती दिली.

या वेळी मशीन ओंडक्यावर टेकवताच आत उतरली. जाडजाड ढलप्या उडाल्या. सकाळपासून जे दोन ओंडके हटत नव्हते ते बघता बघता दुभंगले, आणि त्यांच्यामागे बाकीचेही.

“झालं, दादा,” लिलाधर कपाळ पुसत म्हणाला. “अशीच रायली असती तर दोनपार झाली असती. आता उन्ह चढाच्या आत नेऊ.”

“इतक्यात?” तेजरामच्या तोंडून गेलं.

लिलाधरला ते कळलं नाही. त्याने हाक मारून ट्रॅक्टर मागवला. बोथट साखळीने दुपार झाली असती. दुपारपर्यंत रेवताबाई छपरीत राहिली असती आणि हा तिच्या उशाशी. तेवढा उरलेला वेळ त्याने आपल्या हाताने, एकही दात न सोडता, कापून टाकला होता.

तो छपरीत परतला तेव्हा बायकांनी तिला आंघोळ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं. तो बसला होता ती चटई कुणीतरी गुंडाळून भिंतीला लावली होती.

“कोठी गेले होते, बाबा?” टीना म्हणाली. “माय तयार झाली.”