ओळीच्या शेवटी दादाची गिटार

सकाळी भाकरी थापत होते, तेवढ्यात प्रशांतचा फोन आला. प्रशांत म्हणजे माझ्या भास्करदादाचा मुलगा. "आत्या, बाबा गेले," एवढंच बोलला. मी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानं तशीच बसून राहिले. रडू आलं नाही. रडायलाही अंगात बळ लागतं, आणि या वयात अशा बातम्या ऐकून ऐकून माणूस थकून जातो... महिना उलटला, तो थकवा अजून उतरलेला नाही.

दादाचं शेलूबाजारला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात आमची गायन पार्टी होती. जयंती, लग्न, नामकरण, बोलावतील तिथं जायचो. गाणारी मी, गिटार दादाची. विजेवरची गिटार आमच्या भागात लोक आधी बघायला यायचे, ऐकायचं नंतर. त्यात एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचं इको मशीन दादाच्या हाती लागलं. एक सूर छेडला की तोच मागून पुन्हा पुन्हा यायचा, हळूहळू विरत. पोरं खूश, म्हातारे वैतागलेले. दादाला मात्र कोरा आवाजही हवा होता आणि घुमणाराही. मग त्यानं एक लाकडी पेटी केली. जुन्या जीपमध्ये दिव्यांचा झोत वर-खाली करायचं डिपरचं बटण ड्रायव्हरच्या पायाशी असायचं. भंगारातल्या जीपांची तशी दोन बटणं त्यानं पेटीवर बसवली. गिटारचा आवाज पेटीतून दोन वाटांनी जायचा, एक सरळ आणि एक मशीनमधून, आणि भोंग्याकडे जाताना परत एक व्हायचा. डावं बटण कोऱ्याचं, उजवं घुमणाऱ्याचं, दोन्ही चालू केली की मिसळलेला. कोऱ्यात घुमणारा किती घालायचा, याबाबत तो भाजीच्या मिठासारखा चोखंदळ होता.

अशातच एका थंडीत मला निमोनिया झाला. बरी झाले, पण दम पहिल्यासारखा राहिला नाही, लांब ओळ शेवटापर्यंत पोचेना. सासर सोडून आलेली बाई मी. गाणं होतं म्हणून लोक मला नावानं ओळखत होते. तेच गेलं तर माझ्याकडे काय उरणार, या धास्तीनं मी खंगत चालले. दादा म्हणाला, "तू गाऊन त पाह्य." गायले... आणि जमलं की! कार्यक्रमामागून कार्यक्रम छान झाले. माझा आवाज परत आला, असंच मी धरून चालले.

मग मानोरा गावची जयंती आली. आदल्या दिवशी दादानं मशीन खोलून दुरुस्त केलं होतं. कोरा वाजवून पाहिला, घुमणारा वाजवून पाहिला, दोन्ही ठणठणीत. दोन्ही मिळून वाजवून पाहायचं तेवढं राहिलं. संध्याकाळी भरल्या मंडपात मी पहिली ओळ घेतली, दम सरत आला, दादाचा पाय दुसऱ्या बटणावर गेला आणि गिटार एकदम नाहीशी झाली. मशीनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. दोन्ही आवाज एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकत होते. त्या रिकाम्या जागेत माझी धाप माइकवरून सगळ्या मंडपानं ऐकली. मीही ती तेव्हाच ऐकली. इतके दिवस माझ्या ओळी दादा गिटारवर पुऱ्या करत होता.

परतताना जीपमध्ये मी भडकले. "काहून लपवलं माह्यापासून? मले वाटून राह्यलं होतं, आवाज आला म्हणून!"

"आवाज तुहाच हाय वं. दम सरला की मी उचलतो. त्यात लपवाचं काय?"

"मंग सांगाचं होतं."

"सांगतलं असतं, त तू गायली असती का?"

नसते गायले. पण राग लगेच गेला नाही. त्यानं तारा नीट जोडल्या, तरी मी बरेच दिवस दुकानात फिरकले नाही. मग एका दुपारी जाऊन बसले आणि कुठल्या शब्दावर ओळ सोडायची, ते आम्ही ठरवून घेतलं. त्यानंतर मी जाणूनबुजून सोडायची, तो उचलायचा आणि मला श्वास घ्यायला फुरसत मिळायची. लोकांना ते कधी कळलं नाही. पुढं कॅसेट आल्या, पार्टी मोडली, आम्ही दोघं म्हातारे झालो.

दादाच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले, त्या दिवशी प्रशांत म्हणाला, "आत्या, एक गानं म्हन." उभी राहिले. ओळ घेतली, दम संपायच्या आत सवयीनं सोडली आणि थांबले. बायका कुजबुजल्या, "पानी द्या वं तिले, रडू येऊन राह्यलं." रडू कुठलं... दादा ओळ पुरी करतो तोवर थांबायचं असतं, म्हणून थांबले होते.