ईवायानं वाढलेली डुकराईची पंगत

माह्या ईवायासारखा दयाळू मानूस आख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडनार नाई, आन् खरं सांगतो, सापडूही नये. ईवाई मंजे माह्या पोरीचा सासरा. तिरोडा तालुक्यात, बोदलकशाच्या जंगलाले लागून त्याचं वावर, आन् त्याले लागून माहं. मदात फक्त बांधाचा एक धुरा. पोर त्याच्या घरी देल्ली तवापासून माहं तोंड शिवलेलं हाये. पोरीच्या सासऱ्याले कोन बोलते? तसं मले बायकोपुढंही बोलता येत नाई, पन ते वेगळं.

या मानसाले कोनाचं उपाशी पोट पाहवत नाई. मीटर पाहाले आलेला लाइनमन जेवल्याबिगर त्याच्या घरून निंगू शकत नाई. एकदा कोंबडी चोरताना एक जन सापडला, तर यानं त्याले हात धुवाले पानी देल्लं आन् पाटावर बसवलं. "पोट भरलं का मानूस चोरी कायले करन?" असं त्याचं मननं. ते खरंही निंगालं. त्या चोरानं पुन्हा त्याच्या कोंबडीले हात नाई लावला. माह्या घरच्या नेल्या.

हाच हिशेब त्यानं रानडुकराईले लावला. धान लोंबीवर आलं का डुकरं जंगलातून उतरतेत आन् बांधीच्या बांधी, मंजे वाफेच्या वाफे, लोळवून टाकतेत. लोक फटाके फोडतेत, जुनी लुगडी बांधतेत. मी माहा सदरा घालून बुजगावनं उभं केलं होतं, तर एक डुक्कर त्याच्या पायापाशी झोपून गेलं. बायको मनली, "वास वळखीचा वाटला असन." ईवायानं मात्र लग्नसराईत सायकलले ड्रम बांधला आन् गावोगावच्या मांडवातला उरलेला भात, वरन, बुंदी आनून जंगलाच्या कडेले वाढाले लागला. वाढाले, फेकाले नाई. मोहाच्या पत्रावळीवर.

"काऊन ईवाई, आग्रह पन करता का?" मी इचारलं.

"पहिल्या पंगतीले लाजत होते," तो मनला. "आता घरचे झाले."

घरचेच झाले. आधी हे जनावर दिवसभर जमीन उकरे, कांदे-मुळं खाय, गांडूळ खाय, मोहफुलं वेचे. आता मोहफुलं झाडाखाली सुकून जाय आन् डुकरं सांजच्याले सायकलच्या वाटेकडं तोंड करून बसून राहे. उन्हाळ्यात एक मादी रस्त्यावर गाडीखाली आली. फारेस्टवाल्याईनं डाक्टर आनून पोट फाडलं. आत नुसता भात, आन् बुंदीसंगं गिळलेला प्लास्टिकचा गिलास. जंगलातलं काईच नाई. ईवाई तिच्यापाशी उकिडवा बसून राहिला. त्या दिवशी तो जेवला नाई, आन् मी त्याच्या घरी पाहुना होतो मनून मलेही उपाशी राहा लागलं.

लग्नसराई सरली. मांडव नाई, भात नाई. आता हे जंगलात परत जाईन, असं त्याले वाटलं. पन शिजलेला नाई तर कच्चा, इतकं तर डुकरालेही समजते. माही एक बांधी चिन्नोरची, मंजे आमच्याकडच्या वासाच्या धानाची होती. पोरगी बारंतपनाले माह्याकडं आली होती, आन् पहिल्या नातवंडाच्या बारशाले याच बांधीचा, घरच्या चिन्नोरचा भात वाढायचा, असं आमी दोघा बुढ्याईनं ठरवलं होतं.

चिन्नोर पिकाले आला तवा ईवाई खनाले लोखंडी सब्बल घेऊन जंगलात गेला. डुकरं आधी खाय ते रानकंद खनून आनले आन् धुऱ्यापासून जंगलापर्यंत एक-एक ठेवत गेला. डुकरं आली, तसा खाली बसून हातानं माती उकरून त्याईले दाखवाले लागला. सत्तरीचा मानूस. मले हसू आलं, ते मी गमछ्यात दाबलं. पिल्लाईच्या मायनं तरी कंद हुंगला. पिल्लं भातावरच मोठी झाली होती, त्याईनं तेही नाई केलं. सारी आमच्या बाजूनं चिन्नोरात शिरली. मी हाकलाले वरडलो, पन माहं माहा बैलही आयकत नाई.

"ईवाई," तो मनला, "पिल्लाईले मायनं शिकवलंच नाई. आन् मायले मी विसरवलं."

मी त्याच्या हातातली सब्बल घेतली आन् बाजूले बसलो. समोर बांधी मोडून राहिली होती. मोडल्यावर चिन्नोरचा वास असा दूरपर्यंत येते, हे मले आजपर्यंत ठाऊक नव्हतं.