एक कान बोटांना

"एक कान डॉक्टरांना, एक कान बोटांना," असं म्हणत त्या हेडफोनची उजवी वाटी कानामागे सरकवायच्या आणि कामाला बसायच्या. मग कीबोर्डचा जो कडकडाट सुरू व्हायचा, तो थेट चहाच्या वेळेपर्यंत. आमच्या हडपसरच्या ऑफिसात शिरताना पॅसेजमध्येच कळायचं, बाई आल्यात.

आमचं काम म्हणजे परदेशातले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं. हल्ली पहिला मसुदा मशीन करतं आणि आम्ही त्याने केलेला घोळ निस्तरतो. हा घोळ निस्तरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई, कॉटनचा कुडता, नाकावर घसरलेला चष्मा, आणि जिभेला धार अशी की समोरच्याला कापलं गेल्याचं घरी गेल्यावर कळावं.

सगळा मजला त्यांना काकू म्हणायचा. एका नव्या मुलीने एकदा लाडाने विचारलं, "काकू, पाणी आणू?" त्या स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या, "काकू तुझ्या सोसायटीत. इथे मी सीनियर एडिटर आहे. आणि मला तहान लागलेली नाही." मुलगी बिचारी बाटली घेऊन तशीच परत गेली.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी त्यांना अहो-जाहो करायचे, त्या मला सरळ अगं-तुगं. आम्ही रोज खाली अमृततुल्यवर चहाला जायचो. तिथे एकदा मी पाहिलं, नुकता भरलेला काचेचा ग्लास त्यांनी मुठीत धरला होता आणि गप्पा मारत उभ्या होत्या. माझा तसाच ग्लास मला दोन बोटांनी काठालाही धरवत नव्हता.

"अहो, भाजत नाही का?"

"भाजत असेल," त्या म्हणाल्या. "मला कळत नाही."

मग त्यांनी सांगितलं. केमो झाली होती. आजार गेला, पण जाताना बोटांच्या टोकांची जाणीव घेऊन गेला. ब्लाउजचा हूक लावता येत नाही, पर्समधलं नाणं की किल्ली हे पाहिल्याशिवाय समजत नाही. "बोटं झोपलीत गं. बाकी मी जागी आहे."

"ऑफिसात सांगा ना. समजून घेतील."

"समजून घेतील म्हणूनच नाही सांगत. एकदा कळलं की लोक हातातलं काम काढून घेतात आणि बिस्किटं देतात. आधीच्या ठिकाणी खाऊन आलेय. घरी मी पेशंट आहे, ते पुरे. इथे पेशंट कानात असतात. तू तोंड उघडलंस तर याद राख."

मी तोंड उघडलं नाही. मी मुळात तापट बाई, पोटात काही ठेवणं मला जमत नाही, पण हे ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, बोटं झोपलेली बाई टाइप कशी करायची? तर आवाजावर. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली एक छोटा स्विच असतो. काही स्विच गुपचूप खाली जातात, काही दाबले की टक्कन वाजतात आणि बोटाला हलका धक्का देतात. वरची टोपी काढायची, खालचा स्विच चिमट्याने उपटायचा आणि हवा तो बसवायचा, अशी सोय असलेला कीबोर्ड त्यांनी स्वतःचा आणला होता. टक वाजलं म्हणजे अक्षर पडलं. नाही वाजलं म्हणजे पुन्हा दाबायचं. शिवाय ते स्विच जड स्प्रिंगचे, म्हणजे टोकाला नाही तरी बोटाच्या सांध्याला दाबल्याचं कळावं.

तो कीबोर्ड मीच घडवला, विश्रांतवाडीला त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, एका शनिवारी दुपारी. चिमटा त्यांना धरवत नव्हता. मी स्विच बसवायचे, त्या डोळे मिटून दाबायच्या आणि निकाल द्यायच्या. "हा ठीक." "हा मुका आहे, काढ." "हा जरा जास्तच बोलतो, तुझ्यासारखा. करंगळीला दे, तिला ओरडूनच सांगावं लागतं." एका स्विचचा पाय माझ्याकडून वाकला तर म्हणाल्या, "अगं, उपटायचा म्हणजे दात नव्हे." शेवटी त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि एक अख्खं वाक्य न पाहता टाइप केलं. एकही चूक नव्हती. त्या उठून माझ्यासाठी थालीपीठ लावायला गेल्या. मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा स्वतःच्या बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

आवाजाच्या कुरबुरी होत्याच. हसऱ्या चेहऱ्यांचे मेल यायचे, मजला शांत ठेवूया म्हणून. आमचा मॅनेजर तिशीतला, वारज्याचा, कीबोर्डचा भलताच शौकीन. स्वतःच्या टेबलावर रंगीत टोप्यांचे कीबोर्ड मांडून बसायचा. तो एकदा म्हणाला, "मॅम, सायलेंट स्विचेस पण मिळतात."

"मिळतात ना," त्या म्हणाल्या. "सायलेंट मॅनेजरही मिळतात म्हणे. आमच्याकडे अजून आला नाही."

तो स्वतः हे सगळ्यांना हसत हसत सांगत फिरला. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मला मनसोक्त भांडता आलं असतं.

त्यांच्या वाढदिवसाच्या आधीच्या शुक्रवारी त्या तपासणीला गेल्या होत्या. ऑफिसात सांगितलं होतं, भाचीचा साखरपुडा. मी त्या दिवशी घरून काम करत होते. सोमवारी दोघी आलो तर टेबलावर फुगे, केक, आणि मजलाभर लोक मोबाइल उगारून उभे.

"मॅम, तुमचा कीबोर्ड अपग्रेड केला," मॅनेजर म्हणाला. "एकेक स्विच स्वतः बदललाय. आत ग्रीस पण लावलंय. एकदम लोण्यासारखा चालतो. टीमकडून गिफ्ट!"

त्यांनी बोट ठेवलं, दाबलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली असतील, पण त्या स्क्रीनकडे पाहत नव्हत्या, कीबोर्डकडे पाहत होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहून नको म्हणून मान हलवली.

"छान," त्या म्हणाल्या. "आणि जुने कुठे आहेत?"

"ते ई-वेस्टमध्ये टाकले, मॅम. शनिवारीच गाडी घेऊन गेली."

मला सांगा, दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावायचा, ती उघडायची, आतलं काढून फेकायचं आणि वर केक कापायचा, ही कसली रीत? एकालाही वाटलं नाही की बाई एवढी कटकट ऐकून घेऊनही आवाज सोडत नाही, तर त्याला काही कारण असेल. प्रेम करणाऱ्यांना विचारायची गरज वाटत नाही. अजून त्या केकचा वास माझ्या नाकात आहे, आणि अजून चीड येते.

तसले स्विच पुन्हा मागवूया, मी बसवून देते, असं मी त्याच दिवशी म्हणाले. त्या म्हणाल्या, "आणि गिफ्ट का काढलं म्हणून विचारलं की काय सांगू?" पुढचे काही दिवस त्या अक्षर न् अक्षर डोळ्यांनी पाहत टाइप करत राहिल्या. वेग निम्म्यावर आला. मान आखडली. अक्षरं गळायला लागली, काही दोनदा पडायला लागली. मला त्यांचाही राग आला, हे सांगते. एवढा कसला हट्ट? पण हट्ट नसता तर ती बाई त्या खुर्चीपर्यंत पोचलीच नसती, हेही मला दिसत होतं.

मग एका औषधाच्या डोसमध्ये एक शून्य जास्त पडलं. पुढच्या तपासणीत ते सापडलं, कुणाला काही झालं नाही. पण मीटिंग झाली. मॅनेजरने मऊ आवाजात विचारलं, "मॅम, सगळं ठीक आहे ना? हल्ली एरर्स वाढल्यात."

त्या उभ्या राहिल्या. "मला बोटांच्या टोकांना काही कळत नाही. आजारपणात ती जाणीव गेली. मी आवाजावर काम करत होते. तुम्ही तो काढलात. मला तसले स्विच परत बसवू द्या, चुका थांबतील. बाकी मला काही नको."

कुणीतरी हुंदका दिला. मॅनेजरचे डोळे भरले. "मॅम, तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं." बायका येऊन त्यांना मिठ्या मारायला लागल्या आणि त्या हात खाली सोडून उभ्या राहिल्या.

संध्याकाळपर्यंत त्यांच्या लॉगिनवरचं सगळं काम काढून घेतलं गेलं. नवीन पद मिळालं, 'मेंटॉर'. खिडकीजवळची खुर्ची, यायची जायची सवलत, आणि खरोखर, टेबलावर कुणीतरी बिस्किटांचा डबा ठेवला. त्यांनी मागितले होते फक्त स्विच. बाकी सगळं दिलं.

मी केबिनमध्ये जाऊन भांडले. "चूक तू स्विच बदलल्यावर झाली. त्याच्या आधीची एक दाखव मला!"

त्याने खरंच शोधलं. सापडली नाही. "नाहीये, ताई," तो म्हणाला. "पण तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता मी रिस्क कशी घेऊ?"

दार आपटून बाहेर आले, एवढंच माझ्या हातात होतं.

नवे स्विच आले. मी विश्रांतवाडीला जाऊन बसवूनही दिले. पण टाइप करायला कामच नव्हतं. नवीन मुलांना हेडफोन कसा लावायचा हे त्या काही दिवस शिकवत बसल्या, मग राजीनामा दिला. निरोपाच्या भाषणात मॅनेजर त्यांना 'आमची इन्स्पिरेशन' म्हणाला. त्या म्हणाल्या, "मी इथे नोकरी करत होते हो. इन्स्पिरेशन तुम्ही केलंत." लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

निघताना सगळे लिफ्टपर्यंत आले. मी त्यांची पिशवी घेऊ म्हटलं तर दिली नाही. आमच्या लिफ्टचं बटण सपाट, टचवालं, नुसतं बोट टेकवायचं. त्यांनी टेकवलं. दिवा लागला नाही. चष्मा सावरून, जरा जवळ वाकून त्यांनी पुन्हा बोट नीट मध्यभागी आणलं.

तेवढ्यात मागून मॅनेजरचा हात आला. "राहू द्या मॅम, मी दाबतो ना."

दिवा लागला. त्यांनी त्या दिव्याकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवी खांद्यावर चढवली, जिन्याचं जड दार खांद्याने ढकललं आणि पाच मजले उतरायला लागल्या. लिफ्ट आली, दार उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं, आणि रिकामीच खाली गेली.