येतो म्हणून गेलेला दादा

धनराज हा माझा पाठचा भाऊ. सख्खा. कोणी विचारायच्या आधीच मी सांगतो, कारण असा भाऊ अख्ख्या सिन्नर तालुक्यात दुसऱ्या कोणाला नाय. लिहिता-वाचता येत नाय, बोलणं मोजकं, पण कांद्याची भरली गोणी उशीसारखी उचलतो. मी तरी कुठं लय शिकलोय? सातवी. तरी कारखान्यात माझ्या हाताबिगर मशीन चालू होत नाय. पण गोष्ट धनराजची हाय, म्हणून तिच्यात मी 'मी' नाय, नुसता सोमनाथ.

आई, कुसाबाई, होती तोवर धनराजचं सगळं तीच बघायची. एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. गाडीत बसताना ती म्हणाली, "येते रे धन्या." दवाखान्यातून ती जिवंत आली नाय. भावकीनं धनराजला स्मशानात नेलं नाय, काही सांगितलंपण नाय; शेजाऱ्यांच्या घरी बसवून ठेवलं, म्हणाले, "त्याला काय कळतंय?"

सोमनाथ आणि त्याची बायको उज्वला दोघं कामावर, घराला कुलूप. एकदा धनराजनं कडीच उपटली आणि हमरस्त्यावर जाऊन उभा राहिला. मग त्याला नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळच्या एका संस्थेच्या घरात ठेवलं. तिथं धनराजसारखीच, समज कमी असलेली मंडळी मिळून राहतात. ज्याला त्याला स्वतःची खाट, कपाटात एक कप्पा, आणि सगळ्यांना सांभाळायला अंजलीताई. सकाळी सगळे डबे घेऊन मेणबत्त्या करायला जातात.

धनराज मात्र गेटापाशी. पायात चप्पल, मांडीवर कपड्यांची पिशवी. कप्पा रिकामा. ताट पुढं केलं की मान फिरवायचा. खाटेवरसुद्धा पिशवी पोटाशी धरून पडायचा.

"धनराजशेठ, गाडी चुकली वाटतं तुमची!" शेजारच्या खाटेवरचा फकिरा दात काढायचा. "आला का दादा? आला?"

"येतो म्हणला," धनराज म्हणायचा. तेवढंच.

रस्त्यानं मोटारसायकल वाजली की तो उठायचा. दुसऱ्याचीच असायची. मग परत बसायचा.

रविवारी सोमनाथ गोडी शेव घेऊन आला. अंजलीताईंनी त्याला बाजूला घेतलं. "सोमनाथभाऊ, हा असाच उपाशी राहिला तर संस्था त्याला ठेवून घ्यायची नाही. घरी न्यावं लागेल."

"घरी? कुलपात?"

"तुम्ही निघताना त्याला काय म्हणता?"

"काय म्हणणार? येतो म्हणतो."

"मग तो वाट बघतो ना!"

सोमनाथ भडकला. "ताई, आमच्या घराण्यात निघताना 'जातो' असं कोणी म्हणत नाय. पहिलवान माणूस हाय मी, पण हा शब्द तोंडातून निघायचा नाय. अपशकुन असतो तो!"

"तुम्हाला अपशकुन, आणि त्याला उपास," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

धनराज गेटापाशी पिशवी घेऊन तयारच होता. दादानं गाडीला किक मारली, मग बंद केली. त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"धन्या, तू इथं राहायचं. मी रविवारी येईन. आता..." सोमनाथनं जमिनीला हात टेकवला. "आता जातो."

धनराज त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. हा शब्द आपल्याला म्हणलेला त्यानं कधी ऐकला नव्हता.

"जातो?"

"हा. जातो."

दादाची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी धनराज उभाच होता. मग त्यानं स्वतःच्या हातानं गेटाची कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिशवी खाटेवर उपडी केली. सदरे कप्प्यात ठेवले, रिकामी पिशवी खिळ्याला अडकवली, चप्पल दारात काढली आणि पंगतीत येऊन बसला.

"काय शेठ, दादा?" फकिरानं विचारलं.

"दादा गेला. रविवारी येईल."

अंजलीताई पोह्यांचं पातेलं घेऊन त्याच्यापाशी आल्या. त्यानं ताट उचललं नाय.

"आई गेली," तो म्हणाला.

फकिरानं हातातला घास ताटात ठेवला.

मग त्यानं ताट पुढं केलं. ताईंनी वाढलं. धनराज गेटाकडं पाठ करून पोहे खात बसला.