आतल्या कक्षेतले दोन पाट

अख्खी सांगली हादरवायची ताकद दोघांतच होती, एक कृष्णेचा पूर आणि दुसरे आमच्या धाकट्या मावशीचे यजमान. काका हायस्कुलात विज्ञान शिकवत. अणूच्या कक्षांत इलेक्ट्रॉन ज्या शिस्तीने बसतात, त्या शिस्तीवर त्यांचा इतका जीव, की माणसं भलतीकडे बसलेली त्यांना बघवत नसत. सारख्या जागा रिकाम्या असल्या की इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात, जोडी मागाहून. म्हणून साताऱ्याच्या एसटीत त्यांनी एका जोडप्याला उठवून दोन बाकांवर बसवलं. कंडक्टर हबकलाच. "आवं मास्तर, अंगावरची हळद न्हाई उतरली त्यांच्या!" काका शांतपणे म्हणाले, "गाडी भरू दे, मग बसतील जवळ."

खरा हादरा बसला तो त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या, सुमनच्या लग्नात. नवरामुलगा फलटणकडचा, फौजेतला. त्याचे वडील निवृत्त हवालदार, मिशी आणि राग दोन्ही जबरदस्त. अक्षता पडल्या आणि जेवायला म्हणून आम्ही मांडवात शिरलो, तर सरळ पंगतच नाही! मधल्या खांबाभोवती रांगोळीची वर्तुळं. सगळ्यांत आत दोनच पाट, तेही पाठीला पाठ. एकावर काकांनी व्याह्यांना बसवलं आणि दुसऱ्यावर, चक्क त्यांच्याकडे पाठ करून, स्वतः बसले.

हवालदार भरल्या पानावरून उठले. "पोरीचा बाप पाठ फिरवून जेवतोय आमच्याकडं? ऊठ रं पोरा! सून ऱ्हाऊ दे हितंच!" मावशीच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. सुमन पांढरीफटक पडली.

सगळ्यांत जास्त धक्का काकांनाच बसला होता. "अहो, आतली कक्षा सर्वांत आधी भरते," ते कसेबसे म्हणाले. "अणू सोडून जातो तो बाहेरच्या कडेचा. आतल्याला कुणी सहज हलवू शकत नाही. तुम्ही आता माझे आतले, म्हणून इथं बसवलं."

"आन् पाठ कशापायी?"

"एका जागी दोन इलेक्ट्रॉन राहायचे, तर त्यांची फिरकी एकमेकांच्या उलटच असावी लागते."

हवालदारांनी पाठीला पाठ लावलेले ते दोन पाट पुन्हा पाहिले. मग मिशीत हसले. "म्हंजी पहाऱ्यावानी! आमीबी असंच बसायचो. ज्याच्यावर इस्वास, त्योच पाठीला." आणि खाली बसून ओरडले, "वाढा विहीणबाई, लय भूक लागलीय!"

संध्याकाळी सुमनला घेऊन गाडी सुटली. काका त्या विस्कटलेल्या रांगोळीत मधल्या पाटावर जाऊन बसले. मी जवळ गेलो, तर मान वर न करता म्हणाले, "बाहेरच्या कडेचाच जातो, असं जन्मभर शिकवलं रे मी. ही तर सगळ्यांत आतली होती."